डब्यातले पुणे

पुणे शहर आपण रोज पाहतो, पण बहुतेक वेळा रिक्षातून, बसच्या खिडकीतून किंवा दुचाकीवर मागे बसून. क्वार्टर गेटच्या अलीकडे राहणाऱ्या आमच्यासारख्यांचे पुणे तर आणखी आटोपशीर असते. कॅम्प, भवानी पेठ, नाना पेठ, मोमिनपुरा आणि अलीकडे कोंढवा. घर, मदरसा, शाळा, बाजार, नातेवाईक एवढ्यात वर्ष सरते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. नववीच्या वर्गात आम्ही एकदा विचारले, "शनिवारवाडा आतून किंवा बाहेरून कोणी कोणी पाहिला आहे?" बावीस मुलींपैकी नऊ हात वर झाले. शाळेपासून वाडा तीनएक किलोमीटरवर आहे. पुस्तकात पेशवाई शिकलेल्या, मराठीच्या पेपरात 'माझे शहर' हा निबंध लिहिणाऱ्या या मुली आपल्याच शहरात पाहुण्यांसारख्या राहत होत्या.

त्यांना शहर दाखवायला आम्ही जे साधन निवडले ते म्हणजे दूध पावडरीचा रिकामा डबा. त्या डब्याची आणि त्याने दाखवलेल्या पुण्याची ही हकिकत.

भिंग नाही, बटण नाही, बॅटरी नाही. बंद काळ्या डब्याला सुईने पाडलेले एक छिद्र आणि समोरच्या बाजूला आत लावलेला फोटोचा कागद. यालाच पिनहोल कॅमेरा, मराठीत सूचिछिद्र कॅमेरा म्हणतात. प्रकाश सरळ रेषेत चालतो. मिनाराच्या टोकावरून निघालेला किरण छिद्रातून खाली उतरतो, पायथ्यापासून निघालेला किरण वर चढतो, म्हणून आत मिनार उलटा उमटतो. याचा अनुभव आपण सर्वांनी घेतलेला आहे, फक्त तिकडे लक्ष दिलेले नसते. दुपारी चिंचेच्या झाडाखाली जमिनीवर गोल गोल कवडसे पडतात. पानांमधल्या फटी तर वेड्यावाकड्या असतात, मग कवडसे गोल का? कारण ते फटीचे आकार नसतात, ती सूर्याची चित्रे असतात. मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या जाळीतून फरशीवर पडणारे उजेडाचे ठिपके पाहा. जाळीचे भोक बारीक आणि फरशी लांब असेल, तर चौकोनी भोकाचाही ठिपका गोल दिसतो. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या खोलीच्या भिंतीवर गोपुराची उलटी आकृती पडते, ती पाहायला महाराष्ट्रातूनही पर्यटक जातात. त्यामागेही हाच नियम आहे.

या विषयाशी आपल्या वाचकांच्या ओळखीचे एक नाव जोडलेले आहे. अबू अली अल-हसन इब्न अल-हैसम. जन्म बसरा येथे सन ९६५ च्या सुमारास, आयुष्याचा मोठा भाग कैरोत. 'किताब अल-मनाझिर' हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ साधारण १०११ ते १०२१ या काळातला. डोळ्यांतून किरण बाहेर जातात आणि वस्तूला स्पर्श करतात म्हणून आपल्याला दिसते, असे युक्लिड आणि टॉलेमी यांच्यासारखे मोठे विद्वान मानत होते. इब्न अल-हैसम यांनी सांगितले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यांकडे येतो, आणि नुसते सांगितले नाही, प्रयोग करून दाखवले. त्यांचा एक प्रयोग शाळेतही करता येतो. अंधाऱ्या खोलीच्या छिद्राबाहेर काही दिवे ओळीने ठेवायचे. आत भिंतीवर जितके दिवे तितके ठिपके पडतात. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होतो, बाकीचे जागेवर राहतात. म्हणजे सगळ्या दिव्यांचा प्रकाश एकाच छिद्रातून जाऊनही एकमेकांत मिसळत नाही. सूर्यग्रहणात छिद्रातून पडणारी चंद्रकोरीसारखी आकृती हा तर त्यांच्या एका वेगळ्या प्रबंधाचाच विषय आहे.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्या सभासंमेलनांत कधी कधी ऐकायला मिळते की कॅमेऱ्याचा शोध इब्न अल-हैसम यांनी लावला आणि 'कॅमेरा' हा शब्द आपल्या 'कमरा'वरून आला. दोन्ही विधाने तपासून घ्यावीत. छिद्रातून उलटी आकृती पडते हे त्यांच्या कित्येक शतके आधी चीनमध्ये मोझी यांच्या अनुयायांनी नोंदवले होते. कॅमेरा हा शब्द लॅटिन आहे, त्याचा अर्थ खोली. उर्दूतला कमरासुद्धा पोर्तुगीजांबरोबर इकडे आला आणि त्याचे मूळही तेच लॅटिन. कमरा आणि कॅमेरा ही एका आजीची नातवंडे आहेत. इब्न अल-हैसम यांचे मोठेपण शोधाच्या दाव्यात नाही. "अमुक विद्वान म्हणतात" यावर न थांबता स्वतः दिवा पेटवून पाहण्यात ते आहे. त्यांच्या ग्रंथाला हजार वर्षे झाली म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात त्यांचे स्मरण जगभर झाले.

पुण्यात या पद्धतीने शिकवण्याची एक परंपरा आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका संस्थेची मुक्तांगण विज्ञान शोधिका बऱ्याच शिक्षकांना ठाऊक असेल. तिथे २००३ ते २०१४ या काळात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायला हजारो मुलांना शिकवले. काडेपेटी, सायकलची ट्यूब, सुतळी, रिकामे डबे हेच त्यांच्या प्रयोगशाळेचे सामान. शाळेत प्रयोगशाळा नाही ही सबब त्यांच्या कामामुळे आम्हा शिक्षकांना देता येईनाशी झाली.

आमचे सामान असे होते. दूध पावडरीचे डबे मुलींनी घरून आणले. ज्यांच्या घरी नव्हते त्यांना शेजाऱ्यांनी दिले. आत लावायला बिनचमकीचा काळा रंग, काळी चिकटपट्टी आणि पॉलिश पेपर रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून घेतला. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा कात्रीने कापला, त्याचा छोटा चौकोन सुईच्या टोकाने हलकेच टोचला आणि मागचा खडबडीतपणा घासून काढला. छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान आणि अगदी गोल हवे. या कामात मुलींचे हात आमच्यापेक्षा सरस ठरले. ज्या हातांनी ओढणीवर आरी आणि जरीचे काम होते त्यांना सुई कशी धरायची हे सांगावे लागत नाही. डब्याला मोठे भोक पाडून त्यावर हा पत्रा चिकटवला. छिद्रावर काळ्या पट्टीचा पडदा. पट्टी उचलली की कॅमेरा सुरू, लावली की बंद.

शाळेची नकाशे ठेवायची खोली आमची डार्करूम झाली. खिडकीला काळा कागद, दाराखाली सतरंजी, लाल झिरो बल्ब आणि तीन ट्रे. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात फिक्सर. खर्चिक वस्तू एकच, फोटोचा कागद. तो आता दुकानात सहज मिळत नाही, मागवावा लागतो. एका डब्यात एकच कागद मावतो आणि तो अंधारातच भरावा लागतो. म्हणजे एका फेरीत एका मुलीला एकच फोटो. मोबाइलवर एका मिनिटात चाळीस फोटो काढणाऱ्या पिढीला हे ऐकून धक्काच बसला.

त्याआधी पालकांची सभा झाली. एका वडिलांनी सरळ विचारले, "टीचर, मुलींनी बाजारात उभे राहून लोकांचे फोटो काढायचे, हे बरे दिसते का?" दुसऱ्यांची काळजी उलटी होती. कोणी आपल्या मुलींचेच फोटो काढले तर? प्रश्न रास्त होते आणि आम्ही ते झटकले नाहीत. ठरले असे. कोणत्याही माणसाचा चेहरा विचारल्याशिवाय घ्यायचा नाही. तीन माता सोबत येतील. आणि आम्ही डबा पालकांच्या हाती देऊन सांगितले की उन्हात याला दीड-दोन मिनिटे लागतात, सावलीत सात-आठ. एवढ्या वेळात जो चालत जाईल तो या कागदावर येतच नाही. जो थांबेल तोच उमटेल. ते वडील डबा उलटसुलट करून म्हणाले, "म्हणजे हा डबा शरीफ आहे." सभेत हशा पिकला आणि सह्या झाल्या.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही निघालो. बावीस मुली, बावीस डबे, बावीस कागद. क्वार्टर गेट, नाना पेठ, बोहरी आळी, मग महात्मा फुले मंडई. मंडईची दगडी इमारत १८८६ सालची, मध्ये अष्टकोनी बुरूज आणि भोवती पसरलेले गाळे. रविवारची गर्दी म्हणजे पाय ठेवायला जागा नाही. एका मुलीने डबा पायरीवर ठेवला, वर वीट ठेवली आणि पट्टी उचलली. दोन मिनिटांत तिच्यासमोरून शेकडो माणसे गेली असतील. नंतर कागद धुतला तेव्हा मंडई रिकामी! बुरूज होता, टोपल्या होत्या, आणि टोपल्यांमागे न हलता बसलेली एक भाजीवाली मावशी होती. धावणारे सगळे पुसले गेले होते.

शनिवारवाड्यापाशी वेगळा धडा मिळाला. वाड्याचा पाया १७३० चा, आणि दिल्ली दरवाजाचे तोंड उत्तरेला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दरवाजाच्या दर्शनी भागावर ऊन नाही. इथे आठ मिनिटे मोजायची होती. घड्याळ बघून कंटाळल्यावर एका मुलीने दरवाजावरचे खिळे मोजायला सुरुवात केली. इतका वेळ एका दरवाजाकडे तिने आयुष्यात कधी पाहिले नसेल. आम्हीही नव्हते पाहिले. डब्यात कागद वाकवून लावलेला असतो, म्हणून वाड्याची सरळ तटबंदी फोटोत कमानीसारखी वाकली. ज्या तेरा जणींनी वाडा प्रथमच पाहिला, त्यांचा वाडा कायम असाच, कुशीत घेतल्यासारखा वाकलेला राहणार.

कसबा पेठेतल्या तांबट आळीत ठोक्यांचा आवाज आधी ऐकू आला. एका कारागिरांना मुलींनी शुद्ध मराठीत विचारले, "काका, आम्ही तुमच्या कामाचा फोटो काढू का? पण तुम्ही काम थांबवू नका." ते म्हणाले, "काढा की. हा डबा कुठल्या कंपनीचा?" त्या फोटोत तांब्याचे पातेले स्पष्ट आले, ऐरण आली, काकांचे गुडघे आले. हातोडी मात्र नाही आणि हातही नाही. हात दोन मिनिटे थांबलेच नव्हते. ज्या हातांनी पातेले घडते तेच फोटोत नाहीत, हे त्या मुलीने वर्गात सांगितले तेव्हा आम्हाला वेगळे काही शिकवायचे उरले नाही.

शेवटी जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या या बाजारात कुलपे, घड्याळे, रेडिओ आणि कोणाकोणाचे जुने फोटोही विकायला असतात. कोलाजसाठी, म्हणजे कापून जोडून केलेल्या चिकटचित्रांसाठी, मुलींनी जुनी तिकिटे, पाकिटे, नकाशे घेतले. एकीने दहा रुपयांना एक लग्नाचा फोटो घेतला, कोण्या अनोळखी नवरा-नवरीचा. शाळेत कात्री हाती आल्यावर मात्र ती म्हणाली, "टीचर, हा मी कापणार नाही. यांच्या घरचे शोधत असतील तर?" तो फोटो न कापता वहीत ठेवला आहे.

बावीसपैकी पंधरा फोटो आले. सात कागद कोरे किंवा काळेकुट्ट निघाले. पुढच्या आठवड्यात सात जणींनी आपापल्या मोहल्ल्यात पुन्हा प्रयत्न केला. कागदावर प्रथम उलटे चित्र येते, उजेड काळा आणि सावली पांढरी. ते दुसऱ्या कोऱ्या कागदावर पालथे ठेवायचे, वर काच दाबायची आणि क्षणभर दिवा लावायचा की सुलटे चित्र मिळते. मग कापणे आणि जोडणे सुरू झाले.

जोडून चित्र करण्याची कल्पना नवीन नाही. मदीना शहराची पहिली ज्ञात छायाचित्रे १८६१ मध्ये इजिप्तच्या सैन्यातले अभियंता मुहम्मद सादिक बे यांनी घेतली. पुढे १८८० मध्ये हजच्या काफिल्याबरोबर जाऊन त्यांनी मक्केचीही छायाचित्रे घेतली. पूर्ण परिसर एका काचेत मावत नसे, म्हणून ते शेजारशेजारचे फोटो जोडून रुंद देखावा तयार करीत. आपल्या आजी-आजोबांच्या घरात भिंतीवर काबा आणि मदीनेचा हिरवा घुमट एकाच चौकटीत असत, तीही जोडचित्रेच होती.

आमच्या वर्गातले एक जोडचित्र आता सांगतो. भवानी पेठेतल्या एका जुन्या चाळीत राहणारी ही विद्यार्थिनी. चाळ पाडून तिथे नवी इमारत होणार, रमजान ईदनंतर सगळ्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या, असे ठरलेले. तिची दादी या चाळीत नवरी होऊन आली होती. दादीने आयुष्यात मोबाइलवर फोटो काढू दिला नाही. लग्नकार्यातही पदर पुढे ओढून घ्यायची. "मेरा फोटो उसमें नको. कहाँ कहाँ जाता, किसे मालूम," हे तिचे म्हणणे. नात डबा घेऊन चाळीचा लाकडी जिना टिपायला बसली तेव्हा दादीने विचारले, हा फोटो कुठे कुठे जातो? नात म्हणाली, "कहींच नहीं जाता दादी. एकच कागद है. वो घर में रहता." दादी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग आपण होऊन जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली. सावली होती. सात मिनिटे लागली. दादी हलली नाही. ओठ मात्र हलत होते, तसबीह चालू होती.

फोटोत जिना आला, कठडा आला, पायरीवर पांढऱ्या दुपट्ट्यात दादी आली. ओठांच्या जागी चेहरा किंचित धूसर आहे. नातीने गच्ची, नळ आणि दार यांचे आणखी तीन फोटो घेतले आणि चारही जोडून पूर्ण चाळ उभी केली. मधली एक जागा तिने कोरी ठेवली. तिथे शेजारच्यांची खोली होती, ते आधीच सोडून गेले होते.

प्रदर्शनासाठी पुण्यात चांगली जागा म्हणजे बालगंधर्व रंगमंदिराचे कलादालन किंवा घोले रोडचे राजा रविवर्मा कलादालन. आम्ही शाळेचा हॉल निवडला, कारण आमच्या पाहुण्यांना तिथे यायला संकोच वाटला नसता. दिवस राष्ट्रीय विज्ञान दिनाचा, २८ फेब्रुवारी २०२५. शुक्रवार होता आणि दोन दिवसांनी रमजान सुरू होणार होता. सुतळीला कपड्यांचे चिमटे लावून चित्रे टांगली. प्रत्येक चित्राखाली तो डबा ठेवला आणि उर्दू आणि मराठी अशा दोन चिठ्ठ्या लावल्या. जुमाच्या नमाजनंतर वडील, काका, भाऊ आले. दुपारी अम्मी आणि खाला आल्या. आमच्या निमंत्रणाला मान देऊन तांबट आळीचे काकाही आले. आपले पातेले पाहून म्हणाले, "पोरींनो, माझा हात कुठे गेला?" मुलींनी त्यांना प्रकाशाचे शास्त्र समजावून सांगितले, मराठीत, न अडखळता.

दादी आली ती संध्याकाळी, गर्दी ओसरल्यावर. तिने स्वतःचा चेहरा फार पाहिला नाही. कोऱ्या ठेवलेल्या जागेवर बोट ठेवून ती म्हणाली, "यहाँ पे खिडकी थी." मग त्या खिडकीतून कोण कोणाला सालन द्यायचे, कोणाच्या लग्नात मांडव कुठे बांधला होता, हे ती अर्धा तास सांगत राहिली. भोवती मुली बसल्या होत्या. नातीने ते सगळे वहीत उतरवून घेतले. ३१ मार्चला ईद झाली, एप्रिलमध्ये चाळ रिकामी झाली. चित्र दादीसोबत भाड्याच्या खोलीत गेले आहे. भिंतीवर नाही, ट्रंकेत. ते तिच्या मर्जीप्रमाणेच आहे.

मोबाइल असताना हा खटाटोप कशाला, असे काही शिक्षकबंधूंनी विचारले. मोबाइल वाईट नाही, आम्हीही वापरतो. पण डब्याने मुलींना तीन सवयी लावल्या. आधी बघायचे, मग विचारायचे, मग थांबायचे. आणि एकच कागद हाती असला की माणूस ठरवतो, आपल्याला नक्की काय जपायचे आहे. वर्षाअखेरीस आम्ही पुन्हा 'माझे शहर' हा निबंध दिला. या वेळी निबंधांत मंडईचा बुरूज होता, तांबटांचे ठोके होते, दिल्ली दरवाजाचे खिळे होते. एकीने पहिलेच वाक्य लिहिले होते, "माझे शहर माझ्या शाळेपासून सर्व दिशांना आहे."

वाचकांनी घरी करून पाहावे असे काही. एप्रिलचा शेवटचा रविवार जगभर पिनहोल छायाचित्रण दिन म्हणून २००१ पासून पाळला जातो. फोटोचा कागद नसेल तर डब्याच्या मागच्या बाजूला बटर पेपर ताणून लावा, डोक्यावर चादर घ्या, समोरची गल्ली उलटी दिसेल. आणि एक तारीख लिहून ठेवा, सोमवार २ ऑगस्ट २०२७. त्या दिवशी सूर्यग्रहण आहे. मक्का आणि जिद्दा येथे ते खग्रास असेल, आपल्याकडे दुपारनंतर खंडग्रास. पुण्यात ऐन पावसाळा असेल, पण ढगांनी वाट दिली तर पुठ्ठ्याला टाचणीने छिद्र पाडा. त्यातून सूर्याकडे मुळीच पाहू नका. सूर्याकडे पाठ करून उभे राहा आणि छिद्रातून येणारा प्रकाश पांढऱ्या कागदावर पडू द्या. गोल ठिपक्याची कोर झालेली दिसेल. घरातल्या लहानांना तेव्हा सांगा की हजार वर्षांपूर्वी एका माणसाने हीच कोर पाहिली आणि तिच्यावर एक प्रबंध लिहिला.